कानवाल्यांची कंबर

भिंतीला कान असतात असं म्हणतात. या प्लंबरच्या बाबतीत भिंत लोकांची असायची आणि कान त्यांचा. हातभर लांबीचं एक लाकडी दांडकं होतं त्यांच्याकडे, त्यांच्या उस्तादाने काम सोडताना दिलेलं. त्याचं एक टोक भिंतीला किंवा फरशीला लावायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि घरातल्या सगळ्यांना श्वाससुद्धा बेतानेच घ्यायला लावायचा. मिनिटभराने एका जागी बोट ठेवून म्हणायचं, "इथे." तिथे छिन्नी लावली की आत पाइपाला भोक सापडायचंच. तीस वर्षं हे असं चाललं होतं. त्यामुळे त्यांचं खरं नाव बायकोखेरीज कोणाला आठवत नव्हतं, आणि ती ते फक्त रागावल्यावर घ्यायची. बाकी सगळे त्यांना कानवालेच म्हणत.

माणूस एरवी गरीब गाय, पण कामावर असला की हुकूमशहा. दांडकं कानाला लागलं की घरमालकाने तोंड उघडायचं नाही. कोणी चुकून म्हणालंच, "अहो, मला वाटतं पाणी बहुतेक तिकडून..." की कानवाले डोळे न उघडता हात वर करायचे. "कामात मध्ये बोलायचं नाही. घर तुमचं, भिंत तुमची, पण गळती माझी." लोक गप्प बसत, कारण दांडकं चुकत नसे. "पाणी जिथे दिसतं तिथे गळत नसतं," हे त्यांचं लाडकं वाक्य. धंद्यात लागतात ती बाकीची वाक्यंही त्यांच्या पिशवीत होतीच. "छोटंसं काम आहे, तासाभरात होईल." "उघडल्याशिवाय काही सांगता येत नाही." आणि जुना नळ खोलल्याबरोबर कपाळाला हात लावून, "हे आधी कोणी केलंय?" एका घरात त्यांनी असं विचारलं तेव्हा घरमालक म्हणाले, "तुम्हीच. मागच्या वर्षी." कानवाले तसूभरही डगमगले नाहीत. "तरीच एवढं टिकलं," म्हणाले.

अशा माणसाची कंबर गेली ती दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या बाथरूममध्ये. या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. साऱ्या इमारतीच्या त्या बाई होत्या, आणि त्यांच्यासमोर सत्तरीचे लोकही शर्टाची वरची गुंडी लावून घेत. त्यांच्या बेसिनखालची भिंत ओली व्हायला लागली होती. कानवाले सकाळीच पोचले. बाथरूमचं दार मध्ये येत होतं म्हणून त्यांनी ते बिजागऱ्यांतून काढून बाहेर उभं केलं, बेसिनखाली आडवे झाले, दांडकं लावलं. पाण्याचा आवाज लख्ख येत होता.

"इथे," ते म्हणाले.

"कानवाले, मला एक सांगायचंय," दारातून बाई म्हणाल्या.

हात वर झाला. बाई थबकल्या. अख्ख्या शाळेला गप्प करणाऱ्या बाईंना गप्प करणारा हा पहिलाच माणूस.

दोन टाइल्स फुटल्या, भिंतीला वीतभर भोक पडलं, आणि आत पाइप निघाला ठणठणीत कोरडा. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. कानवाल्यांच्या कानशिलावर घाम आला. थोडं डावीकडे असेल म्हणून त्यांनी पडल्या पडल्याच अंग पिळून हातोडीकडे हात लांबवला, आणि कमरेत कड् झालं. कमरेपासून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत कोणीतरी तापलेली तार ओढत नेल्यासारखं वाटलं. उठता येईना, पडून राहवेना. बाईंनी आरडाओरडा केला नाही. जिन्यात जाऊन चार जणांना हाका मारल्या: टॅक्सीवाला, शिंपी, टपाल खात्यातला एक कारकून आणि तळमजल्यावरचा फोटोग्राफर. त्या चौघांनी कानवाल्यांना त्यांनीच काढलेल्या दारावर आडवं घालून दोन जिने उतरवून खाली नेलं. फोटोग्राफरने फोटो काढला नाही, कारण त्याचे दोन्ही हात दाराला होते. त्याला अजून त्याची हळहळ आहे.

भोक तसंच राहिलं. बाईंच्या जावयाने दुसरा प्लंबर आणायची तयारी दाखवली तर बाई म्हणाल्या, "ज्याने उघडलंय त्यानेच बंद करायचं. वर्गात मी कधी एकाने सांडलेली शाई दुसऱ्याला पुसायला लावली नाही." खाली बादली ठेवली, दार पॅसेजमध्ये टेकवून ठेवलं, आणि बाथरूमला पडदा लावला. दर पंधरा दिवसांनी त्या फोन करत. "कसं आहे?" एवढंच विचारत. भोकाबद्दल अवाक्षर काढत नसत. कानवाल्यांना वाटे, त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अर्धवट टाकलेलं काम त्यांच्या आयुष्यात हे एकच होतं, आणि त्याची बातमी शहरभर त्यांच्याआधी पोचली होती. एकदा आपणच जाऊन, त्या फरशीवर आडवं होऊन, आपल्या हाताने ते भोक बुजवायचं, एवढीच त्यांची आता इच्छा उरली होती. आणि आडवं होणं हीच तर अडचण होती.

आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो. कानवाल्यांच्या घरी आलेला हत्ती जायचं नावच घेईना. गोळ्या झाल्या, शेक झाला, व्यायाम झाले. त्याशिवाय ज्याला कंबर आहे तो सल्ला देऊन गेला. कोणी म्हणालं फळीवर झोपा, कोणी म्हणालं फळी मुळीच नको. शेजारचा एक जण रोज उलटं चालायला सांगून गेला आणि स्वतः दाखवताना कुंडीवर आदळला. पायातली कळ अशी होती की कानवाले उभ्याने जेवत आणि भिंतीला टेकून डुलक्या काढत.

सगळ्यांत मोठा सल्ला मेहुण्याचा. बायकोच्या या धाकट्या भावाचं नळांचं दुकान होतं, आणि त्याला लोक शेठ म्हणत. शेठने दुकानात भाऊजींसाठी एक खुर्ची आणून ठेवली होती. चाकांची, उंच पाठीची, वर मऊ उशी बांधलेली.

"भाऊजी, या आणि बसा. गिऱ्हाइकाने विचारलं की नळ दाखवायचा. वाकायचं नाही, काही नाही. तुमच्या नावावर दुकान चालेल."

"मी नळ विकू?" कानवाले म्हणायचे. "मग गळायला लागले की कोणाला बोलवू?"

शेठ मनाने चांगला होता, पण दर रविवारी त्या खुर्चीचं नवं वर्णन घेऊन यायचा. एकदा तिला हात टेकायची सोय झाली, मग पाय ठेवायला पाट आला. कानवाल्यांना ती खुर्ची स्वप्नात दिसू लागली, आणि स्वप्नात ते तिच्यावर बसलेले असत.

मधल्या काळात त्यांनी एक युक्ती करून पाहिली. एका जुन्या गिऱ्हाइकाकडे बायकोला बरोबर नेलं. आपण ताठ उभं राहायचं आणि वाकायचं बायकोने. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच.

"काय ऐकू येतंय?" कानवाल्यांनी विचारलं.

"माझ्या गुडघ्यांचा आवाज," जमिनीवरून बायको म्हणाली.

"अगं, पाण्याचा!"

"अहो, पाण्याचा म्हणजे कसला? चुळचुळ की खळखळ?"

"ते मला ऐकल्याशिवाय कसं कळणार?"

"मग वाका आणि ऐका!"

गिऱ्हाइकाने दोघांना चहा पाजून घरी पाठवलं.

शेवटी वर्म सापडलं ते चपलेमुळे. एका संध्याकाळी फिरून आल्यावर बायकोच्या लक्षात आलं की यांच्या डाव्या पायात चप्पल नाही, आणि यांना ते ठाऊकच नाही. चप्पल दोन गल्ल्या मागे पडली होती. घरी तिने त्यांना पायाचा अंगठा वर उचलायला सांगितला. उजवा उचलला गेला. डावा नुसता बघत राहिला. मग तिने त्यांचं खरं नाव घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सर्जनकडे उभं केलं.

सर्जन चाळिशीचा, शिडशिडीत, इतक्या हळू बोलणारा की कानवाल्यांना तो पहिल्याच वाक्याला पसंत पडला. कमरेचा स्कॅन प्रकाशात धरून तो म्हणाला, "दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. तिचा एक तुकडा मागे सरकून नसेवर दाब देतोय. दुखतंय पायात, पण बिघाड आहे कमरेत."

कानवाले ओशाळले. पाणी जिथे दिसतं तिथे गळत नसतं, हे साऱ्या गावाला सांगणारा माणूस गेले सात महिने पायाला मलम चोळत होता.

"म्हणजे वायसर सरकलाय," ते म्हणाले.

"तसंच समजा."

"किती फोडावं लागेल?"

"फोडायचं नाहीच. आठ मिलिमीटरचा छेद. त्यातून एक नळी, नळीत कॅमेरा, त्याच वाटेने बारीक चिमटा. मी पडद्यावर बघत बघत तो तुकडा काढायचा आणि बाहेर यायचं. छोटंसं काम आहे, तासाभरात होईल."

 कानवाल्यांनी बायकोचा हात घट्ट धरला. हे वाक्य ते स्वतः रोज म्हणत, आणि त्या तासाभरानंतर लोक तीन तीन दिवस शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात.

"आत गेल्यावर आणखी काही निघालं तर?"

"निघू शकतं," सर्जन म्हणाला. "स्कॅनमध्ये बरंच दिसतं, पण सगळंच दिसतं असं मी म्हणणार नाही." मग त्याने एक एक करून सगळं सांगितलं. नसेला धक्का लागू शकतो. तुकडा पुन्हा सरकू शकतो. कळ बहुधा जाईल, पण अंगठ्याची ताकद पूर्ण येईलच असं वचन देता येणार नाही. फार दिवस थांबलो तर ती यायची शक्यता कमी होत जाईल. कानवाले ऐकत राहिले. काय काय बिघडू शकतं हे त्यांनी तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं.

"आणि एक," सर्जन म्हणाला. "तुम्ही जागे असाल. जागा बधिर करू, थोडी गुंगी देऊ, पण झोपवणार नाही. पायात कळ गेली की 'थांबा' म्हणायचं. त्या क्षणी माझा हात थांबेल."

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "काय वाटतं?"

"स्कॅन बघून 'हे आधी कोणी केलंय' असं विचारलं नाही त्याने," कानवाले म्हणाले. "करून घेऊ."

ऑपरेशनच्या दिवशी त्यांना टेबलावर पालथं निजवलं. तोंडाखाली मधोमध भोक असलेली उशी. त्या भोकातून कानवाल्यांना दिसत होत्या त्या फक्त सिस्टरच्या चपला आणि फरशी. फरशीचा उतार चुकलाय हे त्यांनी लगेच हेरलं, पण मनातच ठेवलं. टोचलं, जड झालं, कोणीतरी कमरेवर दाबतंय एवढंच कळत होतं. थोड्या वेळाने पाण्याचा आवाज सुरू झाला. आतलं स्वच्छ दिसावं म्हणून तिथे सतत सलाइनचं पाणी सोडतात, ते नळीने येतं आणि नळीने जातं. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण सांगायची गरजही नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंतींतून ऐकलेला आवाज आज त्यांच्या स्वतःच्या कमरेतून येत होता. येणारं पाणी, जाणारं पाणी, दोन्ही झकास. कानवाले खूश झाले. त्यांनी सवयीने डोळे मिटले.

टप.

त्यांनी कान टवकारले. टप. मनात सात मोजले. टप. पुन्हा मोजले तर पाचच भरले. टप.

"थांबा!" कानवाले ओरडले.

सगळी खोली जागच्या जागी गोठली. सर्जनचा हात थांबला. भूल देणारे डॉक्टर खुर्चीतून उठले.

"पायात कळ गेली?"

"नाही. गळतंय."

"कुठे गळतंय?" सर्जनचा आवाज पहिल्यांदाच किंचित वर चढला. उघड्या कमरेचा माणूस असं म्हणाला तर कोणाचाही चढेल.

"तुमच्या डाव्या हाताला, स्टँडपाशी. पिशवीतून येणाऱ्या नळीचा जोड. आधी सात मोजले की थेंब पडत होता, आता पाचवर आलाय."

सिस्टर वाकली. स्टँडखाली बशीएवढं थारोळं झालं होतं, आणि ते पायाने दाबायच्या बटणाच्या वायरीकडे निघालं होतं. तिने जोड आवळायला घेतला.

"नुसता आवळू नका," उशीच्या भोकातून आवाज आला. "काढा, आतून बघा, मग सरळ बसवा."

तिने नळी बदलली, फरशी पुसली. भूल देणारे डॉक्टर खोकल्याचं निमित्त करून हसत होते. सर्जनने थेंब थांबेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाला, "बरोबर होतं तुमचं. पण आता फक्त पायाबद्दल बोला."

तो हे नेहमीच्या हळू आवाजातच म्हणाला होता, पण कानवाल्यांना ते लागलं. एक कारागीर मन लावून काम करतोय आणि आपण मध्ये तोंड घातलं. ज्या गोष्टीसाठी आपण लोकांना हात वर करून गप्प करतो तीच आपण केली. शहाण्याला शब्दाचा मार. आता जीव गेला तरी बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं.

आणि नेमकी तेव्हाच ती तार आली. कमरेतून निघाली, मांडीतून गेली आणि अंगठ्यात जाऊन फुटली. कानवाल्यांनी उशी चावली. कामात आहे माणूस. तार पुन्हा आली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळून खालच्या फरशीवर पडलं, टप, आणि तेही त्यांनी ऐकलं.

"सर," सिस्टर म्हणाली, "यांचा पाय उडतोय."

सर्जनने हात जिथल्या तिथे थांबवला. "कळ गेली?"

"थोडी."

"किती वेळा?"

"दोनदा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कामात होतात."

 सर्जन हात न हलवता म्हणाला, "ऐका. मला आत डोळे आहेत. कान नाही. इथे माझा कान तुम्ही आहात. तुम्ही गप्प बसलात तर मी बहिऱ्यासारखा खणत बसेन."

त्याच्या कागदांवर कानवाल्यांचं खरं नाव होतं. लोक यांना काय म्हणतात हे त्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं. कानवाल्यांना एकदम गहिवरून आलं. तीस वर्षांत त्यांना ओरडणारे खूप भेटले होते, पण तुमच्यावाचून माझं काम अडलंय असं कामाच्या मध्यात म्हणणारा कोणी भेटला नव्हता. आणि आपण स्वतः तर असं कधी कोणाला म्हटलंच नव्हतं.

"थांबा," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"थांबलो. कुठे?"

"पोटरीत. बाहेरच्या अंगाने."

"आता?"

"आता नाही. चालू द्या. थांबा. अं, ही कळ नव्हती, मीच घाबरलो. चालू द्या."

असं दोघांचं जुळलं. एकाला दिसत होतं, दुसऱ्याला कळत होतं. अर्ध्या तासाने आत कसलीशी ओढ जाणवली, आणि सात महिने पायात रुतून बसलेली ती तार कोणीतरी अलगद काढून घेतली. इतक्या सहज, की कानवाले तिला शोधत राहिले. ती नव्हती. मग मात्र ते त्या उशीत तोंड घालून मुसमुसून रडले.

"दुखतंय?" सर्जनने घाईने विचारलं.

"नाही हो," कानवाले म्हणाले. "गळती बंद झाली."

काढलेला तुकडा त्यांना छोट्या बाटलीत घालून दाखवला. पांढुरका, चिवट, भिजून कुजलेल्या वायसरच्या कपच्यासारखा. दुसऱ्या दिवशी ते आपल्या पायांनी घरी आले. अंगठा हलायला लागला होता, थोडासाच, पण चप्पल धरून ठेवण्याइतका.

लोक बघायला आले आणि हिरमुसून गेले. सात महिन्यांच्या दुखण्याचं ऑपरेशन म्हटल्यावर कमरेवर निदान वीतभर शिवण असेल अशी त्यांची अपेक्षा. इथे एक टाका आणि त्यावर अंगठ्याएवढी पट्टी. शेठने चष्मा लावून पाहिलं.

"एवढंच? भाऊजी, यापेक्षा मोठं मला दाढी करताना लागतं."

"आणखी थोडं कापून हवं होतं का तुला?" त्याची बहीण म्हणाली.

दोन दिवसांत कानवाल्यांना वाटलं आपण बरे झालो. पी हळद आणि हो गोरी असं नसतं, हे बायकोने त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ ऐकवलं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, पिळायचं नाही. फिजिओथेरपिस्टने कुशीवर वळून, हाताचा टेका घेऊन उठायला शिकवलं. सहा आठवड्यांनी सर्जनने त्यांना तपासलं, आणखी दोन आठवडे थांबायला लावलं, आणि मग हलक्या कामाची परवानगी दिली.

"वीतभर भोक बुजवणं हलकं काम का?" कानवाल्यांनी विचारलं.

"कोणाच्या कमरेतलं?"

"भिंतीतलं."

"मग चालेल."

त्याच दुपारी ते बाईंच्या दारात उभे राहिले. पाठीमागे बायको. ती सामानाची पिशवी त्यांना उचलू देईना म्हणून शेठ ती घेऊन आला होता, आणि अर्धा जिना चढल्यापासून स्वतःची कंबर चोळत होता. जिन्यात टॅक्सीवाला, शिंपी, टपालवाला कारकून आणि फोटोग्राफर असे चौघे "सहज" उभे होते. फोटोग्राफरच्या गळ्यात या वेळी कॅमेरा होता. पॅसेजमध्ये ते दार अजून टेकवून ठेवलेलं होतं, आणि चौघेही मधूनमधून त्याच्याकडे बघत होते.

कानवाले आधी गुडघ्यावर आले, मग कुशीवर, मग बेसिनखाली आडवे झाले. फरशी थंड होती. दुखण्याचे सात महिने आणि वर ऑपरेशननंतरचे आठ आठवडे, एवढ्या काळानंतर त्यांनी दांडकं कानाला लावलं. डोळे मिटले. सगळे श्वास रोखून उभे.

काहीही ऐकू आलं नाही.

भिंत मुकी होती.  कंबर परत मिळाली आणि कान गेला की काय? शेठच्या त्या खुर्चीची चाकं त्यांना जणू जवळ येताना ऐकू आली. एरवी अशा वेळी त्यांनी छातीठोकपणे एका जागी बोट ठेवलं असतं. ते तसेच पडून राहिले. मग त्यांनी डोळे उघडून दाराकडे पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

 बाईंनी पदर नीट केला, चष्मा वर सरकवला.

"मी हे विचारण्याची वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "पाणी तुमच्या या पाइपातून येतच नाही. वरच्या मजल्यावर कोणी आंघोळीला गेलं की येतं. वरचे लोक परगावी गेले की थेंब नसतो. आत्ताही गेलेत, परवा येतील. मी वहीत तारखा लिहून ठेवल्यात."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगत होते की! तुम्ही हात वर केलात. कामात मध्ये बोलायचं नाही हा तुमचा नियम. छत्तीस वर्षं पोरांना मी तेच सांगत आले, आता मीच कशी मोडू?"

बेसिनखालून विचित्र आवाज यायला लागला. बायको घाबरून पुढे धावली, चौघांनी दाराला हात घातला. पण कानवाले हसत होते. पाणी जिथे दिसतं तिथे गळत नसतं, हे त्यांचंच वाक्य. कान चुकला नव्हता. आवाज खरा होता, फक्त तो वरून उतरून इथवर आला होता, आणि हे सांगणारं माणूस दोन हातांवर तोंड मिटून उभं होतं. त्यांची कंबर, बाईंची भिंत, चौघांची हमाली, सगळं त्या एका वर केलेल्या हातापायी.

"माझं चुकलं, बाई," ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदा.

वरच्या मजल्याचं काम ते लोक परत आले की करायचं ठरलं. भोक मात्र आजच. त्यांनी सिमेंट कालवलं, भोक बुजवलं, दोन नव्या टाइल्सपैकी पहिली घेतली आणि ती लावायच्या आधी मान वळवून म्हणाले, "बाई, इथेच उभ्या राहा. काही चुकतंय असं वाटलं तर 'थांबा' म्हणायचं. त्या क्षणी माझा हात थांबेल."

बाईंनी मान डोलावली. कानवाल्यांनी टाइल भिंतीला लावली आणि तळव्याने दाबायला सुरुवात केली.

"थांबा," बाई म्हणाल्या.

हात थांबला.

"तिरपी आहे."

कानवाल्यांनी डोळा बारीक करून पाहिलं. मागून बायकोने पाहिलं, शेठने पाहिलं, जिन्यातून चौघे आत डोकावले. टाइल तिरपी होती, अगदी तांदळाच्या दाण्याएवढी, पण होती. त्यांनी ती काढली, मागचं सिमेंट सारखं केलं, आणि पुन्हा लावताना बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले.